नंदनवन, गच्ची : टमाटरची झाडं दणदणीत, पण फुलं गळून राहिली आणि पानं मुरडली

गच्चीवाली_नंदनवन
नमस्कार मंडळी. नागपुरात नंदनवनला राहते, वरच्या गच्चीवर पेंटच्या वीस लिटरच्या बादल्यांमध्ये सहा टमाटरची झाडं लावलीत. रोपं नवरात्राच्या आधी नर्सरीतून आणली, जात कोणती ते त्याला विचारलं तर म्हणे "हायब्रिड आहे ताई, बिनधास्त लावा". माती सासरची, उमरेडकडच्या शेतातली काळी माती पोत्यात भरून आणली होती, तीच भरली सरळ, त्यात थोडं शेणखत. आता दिवाळी होऊन गेली आणि झाडं बघाल तर नजर लागेल अशी आहेत, माझ्या छातीपर्यंत आली, खोड अंगठ्याएवढं जाड, पानं एकदम गडद हिरवी. पण टमाटर कुठं आहेत?? फुलं येतात, पिवळी होतात, देठापासून तुटून खाली पडतात. रोज सकाळी झाडून राहिली मी फुलं. सहा झाडांवर मिळून टमाटर लागले ते बोटांवर मोजण्याइतके आणि त्यातला एक मोठा झाला तर त्याचं बूड काळं पडलं, चपटं, चामड्यासारखं.

त्यात आता पानं पण वाकडी होऊन राहिलीत. शेजारचे काका म्हणाले व्हायरस आहे, सगळी उपटून फेका. माझी वहिनी म्हणते कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं टाक. यूट्यूबवरचा एक जण म्हणतो एप्सम सॉल्ट टाका, दुसरा म्हणतो राख टाका, तिसरा म्हणतो ताक फवारा. मी कोणाचं ऐकू? पाणी सकाळ-संध्याकाळ देते, ऊन सकाळी आठ ते चारपर्यंत फुल्ल. खत म्हणून मूठभर युरिया दिला होता दोनदा (तो पण सासरहूनच आला), आणि मध्ये मध्ये तांदूळ धुतलेलं पाणी. फोटो टाकलेत खाली, बघून सांगा प्लीज.

पोट्टा_सक्करदऱ्याचा
ताई सोमवारी बाजारातून वीस-तीस रुपयात किलोभर आणा न, कायले एवढा ताप करून घेता 😄

गच्चीवाली_नंदनवन
@पोट्टा_सक्करदऱ्याचा २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोनशेच्या घरात गेला होता तेव्हा कुठं होतास बाबू

कास्तकार_कळमेश्वर
ताई फोटो पाह्यले. पहिली गोष्ट, सगळी उपटू नका, काकांले सांगा थोडं थांबा. दुसरी गोष्ट, तुमच्या झाडाले युरिया चढला आहे. मूठभर म्हणजे किती अंदाज आहे का तुम्हाले? मूठभर युरिया म्हणजे ४०-५० ग्रॅम, आणि युरियात ४६ टक्के नत्र राहते. एका बादलीले इतकं आणि ते पण दोनदा!! वावरात आम्ही एकरी हिशेब करतो आणि तो पण तीन-चार हप्त्यात तोडून देतो. जमिनीत मूळ इकडं तिकडं पळू शकते, बादलीत बिचारं जाईन कुठं. नत्र जास्त झालं का झाड पानं करत बसते, फळाचं नावच घेत नाही. काळंशार हिरवं पान, जाड खोड, फुलाचा देठ बारीक, हे सगळं त्याचंच लक्षण आहे. तुमचं झाड मरून नाही राह्यलं, ते मस्तावलं आहे.

आता काय करायचं : युरिया बंद. पूर्ण बंद. शेणखत पण आता नको. १५-२० दिवस नुसतं पाणी, ते पण मोजून. मंग ०:५२:३४ (नत्र शून्य, स्फुरद म्हणजे फॉस्फरस ५२, पालाश म्हणजे पोटॅश ३४) हे विद्राव्य खत भेटते कोणत्याही कृषी केंद्रात, लिटरले दोन-तीन ग्रॅम, सायंकाळी पानावर हलका फवारा, फुलं टिकतीन.

जीवशास्त्रवाल्या_काकू
कळमेश्वरच्या भाऊंनी नत्राचं अगदी बरोबर सांगितलं पण मी पानांबद्दल आधी विचारते कारण तिथंच खरी मेख आहे. मी प्रतापनगरला राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आता रिटायर, गच्ची आणि मी. ऐक बेटा, टमाटरचं पान वाकडं होण्याचे कमीत कमी चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि लोक "मुरडलं" म्हटलं की सरळ व्हायरस म्हणतात. तू मला एवढंच सांग :

मुरडलेली पानं झाडाच्या खालच्या भागातली आहेत का वरच्या शेंड्यातली?
पान वर वळून पन्हाळीसारखं झालं आहे, जाड आणि कडक लागतं का हाताला? की लहान, सुरकुतलेलं, कडेनं पिवळं आहे?
आणि शेंड्याच्या पानाची मागची बाजू बघ, झाड हलवल्यावर पांढरी पिठासारखी बारीक माशी उडते का?

फोटोत मला पाच झाडं एकसारखी दिसून राहिली आणि कोपऱ्यातलं, टाकीजवळचं, एक वेगळं दिसतंय. पण फोटोवरून नक्की नाही सांगत.

गच्चीवाली_नंदनवन
काकू थँक्यू, आत्ताच वर जाऊन आले. तुम्ही म्हणता तसंच आहे!! पाच झाडांची फक्त खालची पानं वर वळलीत, हातात घेतली तर कडक, जाड, पण हिरवीच आहेत. टाकीजवळच्या झाडाची मात्र वरची पानं एकदम बारीक बारीक, गोळा झाल्यासारखी, कडा पिवळ्या, आणि ते झाड बाकीच्यांपेक्षा बुटकं राहिलं आहे. हलवलं तर पांढरं काहीतरी भुर्रकन उडालं.

प्रॉब्लेम असा की ते झाड सासूबाईंचं लाडकं आहे, त्यांनी स्वतः लावलं, रोज त्याच्याशी बोलतात 🙈

जीवशास्त्रवाल्या_काकू
अगं मग सासूबाईंना हळूच सांगावं लागेल. ते एक झाड गेलं आहे. तो पर्णमुरडा व्हायरस आहे आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, हातानं किंवा कात्रीनं नाही पसरत. झाडाला एकदा झाला की कोणताच फवारा त्याला बरा करत नाही, दुकानदार काहीही देईल. ते झाड तिथं ठेवलंस तर माशी त्याचा रस पिऊन बाकीच्या पाचांवर जाऊन बसेल आणि एकदा व्हायरस अंगात घेतला की ती माशी पुढं बरेच दिवस तो वाटत फिरते. म्हणून काढायचं ते पण रीतसर.

बाकीच्या पाच झाडांचं वळणं वेगळं आहे. खालची जुनी पानं वर वळतात ती झाडाची स्वतःची सवय आहे, उन्हाचा ताण, पाण्याचा चढ-उतार, जास्त नत्र, जास्त छाटणी यातल्या कशानंही होतं. दिसायला भीती वाटते पण फळावर फारसा परिणाम नाही, ती पानं परत सरळही होत नाहीत म्हणून रोज जाऊन बघत बसू नकोस. नवीन शेंडा सरळ येतोय ना, तेवढं पुरे.

कास्तकार_कळमेश्वर
हाव, काकू बरोबर सांगून राह्यल्या. भिवापूरकडं मिरचीवर पण असंच दिसते, एक झाड पाहून लक्ष नाही दिलं तं आठ दिवसात अख्खी ओळ. ताई, झाड काढायची पद्धत सांगतो. सकाळी सहा-साडेसहाले, थंडीत, माशी तेव्हा सुस्त राहते, उडत नाही. मोठी प्लास्टिकची पन्नी अलगद वरून झाडावर घालायची, खाली बांधायची, मंग बुडातून कापायचं. दुपारी उपटायले जाल तं सारी माशी उडून बाजूच्या झाडावर, म्हणजे तुम्हीच पाहुणे पाठवले. पन्नी उन्हात दोन दिवस बांधूनच ठेवा अन् मंग फेका, कंपोस्टात नका टाकू.

मंग बाकीच्यांले पिवळे चिकट कार्ड टांगा, झाडाच्या शेंड्याच्या थोडं वर, दोन पुरतीन. आणि नीम तेल, एक लिटर पाण्यात ५ मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब नाही तं तेल पाण्यात मिसळत नाही, नुसतं तरंगते. पानाच्या मागून मारायचं!! वरून मारून काही होत नाही, माशी मागंच बसते. सूर्य डुबल्यावर मारा, उन्हात मारलं तं पान जळते. आठ-दहा दिवसानं परत. नागपुरात कडुनिंबाले तोटा नाही, पुढल्या जूनमध्ये निंबोळ्या पडतीन तेव्हा वेचून वाळवून ठेवा, ५० ग्रॅम भरडून रातभर लिटरभर पाण्यात, सकाळी फडक्यानं गाळून, तो अर्क विकतच्या तेलापेक्षा मले तरी जास्त पटते.

मानेवाडा_प्लंबर_इंजिनियर
काळ्या बुडाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहून राहिलो. ते व्हायरस बियरस काही नाही, ते पाण्याचं आहे. वहिनी कॅल्शियम म्हणाल्या ते अर्धं बरोबर. फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचत नाही म्हणूनच ते काळं पडतं, पण मातीत कमी आहे म्हणून नाही. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, सामू (पीएच) साडेसात-आठच्या वर, कॅल्शियम ढिगानं पडलंय. ते झाडात जातं फक्त पाण्यासोबत. माती एकदा कोरडी ठण्ण झाली, मग धो धो पाणी, परत कोरडी, की वाहतूक तुटते. सगळ्यात लांबचं टोक म्हणजे फळाचं बूड, तिथं उपाशी राहतं. शिवाय युरियाचा अमोनिया रूपातला नत्र मुळाशी कॅल्शियमशी भांडतो. म्हणजे तुमच्या दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच निघालं.

आता तुम्ही म्हणाल मी तर सकाळ-संध्याकाळ पाणी देते. तिथंच गंमत आहे. निव्वळ काळी माती बादलीत भरली की ओली असताना फुगते, वाळली की आकसते आणि बादलीच्या भिंतीपासून सुटते. तुमच्या फोटोत पण कडेनं बोटभर फट दिसून राहिली. तुम्ही वरून पाणी टाकलं की ते फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर, तुम्हाला वाटतं झाड प्यायलं, मधला गोळा मात्र कोरडाच. बाहेर चिखल आणि आत भाकर. उद्या सकाळी एका बादलीत मधोमध दोन-तीन इंच बोट खुपसून बघा आणि सांगा.

गच्चीवाली_नंदनवन
सर तुम्ही गच्चीवर कॅमेरा लावलाय का माझ्या 😳 बोट आत गेलंच नाही, पेन्सिल खुपसली तर कोरडी निघाली. वरून ओलं, कडेनं ओलं, मधात दगड. मग आता काय करू, झाडं काढून माती बदलू का?

मानेवाडा_प्लंबर_इंजिनियर
नाही नाही, आता फुलावर असलेलं झाड काढू नका. बादलीच्या कडेची फट गांडूळखत आणि रेती अर्धी अर्धी मिसळून भरून टाका, बोटानं हलकी दाबा. मग एक जुनी पाण्याची बाटली घ्या, झाकणाला दोन-तीन बारीक भोकं, बूड कापा, उलटी करून मातीत रोवा, थेंब थेंब सोडा. पहिल्या दिवशी दोन-तीनदा भरा म्हणजे मधला गोळा हळूहळू भिजेल. एकदम पाईप लावून बुडवू नका, काळी माती एकदा चिखल झाली की मुळाला हवा नाही, मग दुसरंच दुखणं.

त्यानंतर दिवसातून एकदाच, सकाळी, खालच्या भोकातून थोडं पाणी येईपर्यंत. थंडी वाढली की एक दिवसाआड. बोट खुपसून बघणं हाच मीटर. आणि वरून आच्छादन टाका, वाळलेला पालापाचोळा, सोयाबीनचं कुटार, भंडाऱ्याकडचं कोणी ओळखीचं असेल तर धानाचं तणीस, काहीही, दोन-तीन इंच. याच्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याच टॉनिकनं पडत नाही. पाणी नळाचं देता का बोअरचं?

गच्चीवाली_नंदनवन
नळ आला तर नळाचं नाही तर बोअरचं. बादलीच्या कडेला पांढरं पांढरं जमलंय ते त्याचंच का?

मानेवाडा_प्लंबर_इंजिनियर
हो, ते क्षार आहेत. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी बरं, बोअर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड. एखाद ड्रम भरून ठेवता आला नळाचा तर झाडांना तोच द्या. आणि उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकायची आपल्याकडे सगळ्यांना सवय आहे, ती सोडा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, आठवडाभराचं कूलरचं पाणी म्हणजे मिठवणीच झालं.

पोट्टा_सक्करदऱ्याचा
आमच्या घरी सगळे झाडं त्याच्यानंच मेले वाटते मंग

जीवशास्त्रवाल्या_काकू
इंजिनियर साहेबांनी छान सांगितलं, मी वर्गात इतकं सोपं सांगितलं असतं तर पोरं जागी राहिली असती. आता राहिलेले घरगुती उपाय एकेक करून निकालात काढते.

अंड्याचं टरफल : टाकायला हरकत नाही पण ते विरघळायला महिने लागतात, आणि आपल्या चुनखडीच्या मातीत तर अजूनच हळू. या हंगामातल्या फळाला त्याचा उपयोग नाही. राख : अजिबात नको, आपली माती आधीच अल्कधर्मी, राखेनं अजून चढेल, मग लोह आणि जस्त झाडाला मिळणार नाही आणि नवीन पानं पिवळी पडतील. कोकणातल्या लाल आंबट मातीवाल्यानं राख टाकली तर ठीक, त्याचा व्हिडिओ बघून आपण का टाकायची? एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, ते जास्त झालं तर कॅल्शियमचं शोषण अजून कमी होतं, म्हणजे तुझं काळं बूड वाढेल. मॅग्नेशियम कमी असेल तर जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, तसं तुझ्याकडे काही दिसत नाही. तांदळाचं पाणी दे बापडी, पण आंबवून ठेवून देऊ नकोस, चिलटं होतात.

आणि कळमेश्वरच्या भाऊंना विचारते, ०:५२:३४ ची खरंच गरज आहे का हो गच्चीवर? शेणखतात आणि काळ्या मातीत स्फुरद-पालाश असतं की. मला वाटतं नत्र उतरलं की झाड आपोआप फळावर येईल, अजून एक पावडर कशाला.

कास्तकार_कळमेश्वर
काकू तुमचं म्हणणं बिनतोड आहे पण काळ्या मातीत स्फुरद राहते ते चुन्याशी बांधलेलं राहते, झाडाले भेटत नाही पुरं, म्हणून आम्ही पानावरून देतो. वावरात फरक दिसते मले. पण गच्चीवर पाच झाडं आहेत, घरचं खायचं आहे, तर नका देऊ बाप्पा, माझा काही आग्रह नाही. युरिया बंद आणि पाणी सरळ, एवढ्यात सत्तर टक्के काम होते. फुलात बोरॉन कमी पडते कधी कधी, पण ते चिमूटभर जास्त झालं तं जहर होते, म्हणून ते तं मी सांगतच नाही.

जीवशास्त्रवाल्या_काकू
बांधलेल्या स्फुरदाचा मुद्दा मान्य. एकदा हलका फवारा दिला तर काही बिघडत नाही.

आता फुलं गळण्याचं दुसरं कारण, हवामान. टमाटरला फळधारणेसाठी रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० डिग्री लागतं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री पंचविशीच्या आसपास गेलं की परागकणच निकामी होतात, फूल येतं पण गर्भधारणा होत नाही आणि झाड ते टाकून देतं. तुझी पहिली फुलं आली ती ऑक्टोबर हीटमध्ये, ती गळणारच होती थोडीफार. आता दिवाळीनंतर आपल्या नागपुरात रात्री गार होतात, हीच टमाटरची खरी वेळ. पुढं डिसेंबरच्या शेवटी पारा दहाच्या खाली जाईल तेव्हा परत थोडी फुलं गळतील, फळं हिरवीच बसून राहतील, तेव्हा घाबरून खत मारू नकोस म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आणि एक, परागण. टमाटरचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, पण पराग त्याच्या नळीत बंद असतात, मिठाच्या डबीसारखे, हलवल्याशिवाय पडत नाहीत. आपली पाळलेली मधमाशी ते काम करत नाही, काळा भुंगा करतो, तो फुलाला धरून घूंघूं करून थरथरवतो. नंदनवनात चारी बाजूंनी उंच घरं, वारा अडलेला, भुंगा यायचा कुठून. म्हणून सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, दव सुकल्यावर, फुलांच्या घोसाच्या मागं बोटानं टिचकी मार, किंवा बॅटरीचा टूथब्रश असेल तर देठाला दोन सेकंद टेकव. रोज नको, एक दिवसाआड पुरे. सासूबाईंना हे काम दे, गप्पाही होतील झाडाशी.

गच्चीवाली_नंदनवन
काकू 😂😂 हे बेस्ट आहे. टाकीजवळचं झाड आज सकाळी पन्नी घालून काढलं, सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत, आता टूथब्रशचं खातं त्यांच्याकडे दिलं आहे.

अजून एक, बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब) काढायच्या का? आणि खाली दोन-तीन पानांवर तपकिरी गोल डाग दिसले, एकात एक चकत्या असल्यासारखे.

कास्तकार_कळमेश्वर
चकत्या असलेला डाग म्हणजे लवकर येणारा करपा. खालून वर चढते. मातीचे शिंतोडे पानावर उडले, पान ओलं राह्यलं का येते. जमिनीपासून फूटभर वरपर्यंतची सगळी पानं काढून टाका, डाग असो नसो. पाणी बुडात द्या, पानावर नको, सायंकाळी तर अजिबात नको. आच्छादन टाकलं का शिंतोडे पण बंद. एवढ्यात भागते गच्चीवर. आणि कधी डिसेंबर-जानेवारीत ढगाळ, धुकं, दोन-तीन दिवस झड लागल्यासारखं झालं अन् पानावर मोठे काळपट पाण्यानं भिजल्यासारखे डाग आले, मागून पांढरी बुरशी, तं तो उशिराचा करपा, त्याले वेळ नाही द्यायचा, ते पान नाही तं झाड लगेच काढायचं.

बगलफूट : झाड छातीएवढं झालं म्हणजे उंच वाढणारी जात आहे, तिच्या पहिल्या फुलाच्या घोसाखालच्या बगलफुटी काढा, वरच्या एक-दोन ठेवा. सकाळी, बोटानं मोडा, कोवळ्या असतानाच. झुडपी जात असती तं म्हटलं असतं हात नका लावू, तिच्या फांदीवरच फळ राहते. एकाच दिवशी सारं नका काढू, अंगावर पान राह्यलं नाही तं फळाले ऊन लागून पांढरे चट्टे पडतात. आधार द्या बांबूचा, सुतळी आठच्या आकड्यात बांधा, खोड आवळलं नाही पाह्यजे.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, नागपूरवाल्यांसाठी खास. घरात कोणी खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून करतात तो) खाते का? खर्रा घोटलेल्या हातानं टमाटर, मिरची, वांग्याले हात लावू द्यायचा नाही. तंबाखूत मोझॅकचा व्हायरस राहू शकते, आणि हा माशीनं नाही, हातानंच पसरते. साबणानं हात धुवून मंग झाडाजवळ.

पोट्टा_सक्करदऱ्याचा
भाऊ हे खरं आहे का खर्रा सोडवायची आयडिया

जीवशास्त्रवाल्या_काकू
शंभर टक्के खरं आहे. तंबाखूचा मोझॅक हा तर जगात सगळ्यात आधी ओळखला गेलेला व्हायरस, आणि वाळलेल्या पानातही तो वर्षानुवर्षं टिकून राहतो. वांगी-मिरची-टमाटर-तंबाखू सगळी एकाच घराण्यातली भावंडं. माझ्याकडे माळी यायचा त्याला मी आधी साबणाची वडी द्यायची, मग खुरपी.

गच्चीवाली_नंदनवन
सासरेबुवा 🤐 गच्चीवर बंदी घालावी लागेल.

पुढच्या वर्षीसाठी विचारते, कधी बी टाकू आणि कोणती जात घेऊ? नर्सरीवाल्याचं "बिनधास्त लावा" आता नको.

कास्तकार_कळमेश्वर
पोळ्याच्या आसपास बी टाका, रोप तयार व्हायले २५-३० दिवस लागतात, म्हणजे दसऱ्याच्या आगंमागं बादलीत. मंग पहिलं फळ डिसेंबरात अन् संक्रांतीले तोडा भरपूर. रोपं लहान असतानाच बारीक जाळीखाली ठेवा, मच्छरदाणीचं जुनं कापड चालते, कारण माशी लहान रोपाले व्हायरस देते तेव्हा ते झाड कधीच फळत नाही, मोठ्यापणी झाला तं थोडंफार तरी भेटते. लावताना खालची पानं काढून खोड खोल गाडा, टमाटरच्या खोडाले मातीत गाडलं तिथून मुळं फुटतात.

जात म्हणाल तं बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक आहे, ते पर्णमुरडा, जिवाणूजन्य मर आणि लवकरचा करपा या तिन्हीले तोंड देते. तोंड देते म्हणजे अमर नाही हे पण सांगतो. अन् ते संकरित आहे, त्याच्या फळाचं बी धरून परत लावाल तं तसंच झाड येईन याची गॅरंटी नाही. बी धरायचं असन तं अर्का विकास किंवा पुसा रुबी घ्या.

मानेवाडा_प्लंबर_इंजिनियर
आणि माती आत्तापासून तयार करा. काळी माती तीन भाग, कन्हानची रेती दोन, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन, कोकोपीट दोन, बादलीमागं मूठभर निंबोळी पेंड. ही मूठ चालते, युरियाची नाही 😀 बादलीला बुडाला भोकं आहेतच, त्याशिवाय बाजूनं बुडापासून इंचभर वर चार भोकं पाडा, गच्चीच्या स्लॅबला बूड चिकटून भोकं बुजतात. शंका असेल तर कृषी खात्याची माती तपासणी प्रयोगशाळा नागपुरात आहे, सामू आणि क्षारता एकदा बघून घ्या.

जीवशास्त्रवाल्या_काकू
उन्हाळ्याचं पण लिहून ठेवते, कारण फेब्रुवारीत तू विचारणारच. होळीनंतर आपल्याकडे टमाटर ओढून धरण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, फळ धरत नाही आणि धरलेलं लाल होत नाही, पिवळट-केशरी राहतं, कारण तिशीच्या वर तापमान गेलं की लाल रंगद्रव्यच नीट तयार होत नाही. हिरव्या जाळीखाली चेरी टमाटर तग धरतात, तेवढे ठेव हौस असेल तर. बाकी बादल्या रिकाम्या करून माती गच्चीवर पातळ पसरून मेच्या उन्हात तापू दे. नागपूरचं ऊन फुकटचं आहे, बुरशी आणि किडीची अंडी दोन्ही मरतात. आणि त्याच मातीत लगेच परत टमाटर, वांगं, मिरची लावू नकोस, मेथी-सांबार (कोथिंबीर) किंवा गवार घे मधे.

गच्चीवाली_नंदनवन
मंडळी अपडेट. युरिया बंद, पाणी एकदाच, कुटार टाकलं, बाटल्या रोवल्या. पाचही झाडांवर फळं धरलीत!! एका घोसात तर पाच-सहा आहेत, गोटीएवढे झाले. फुलं अजून थोडी गळतात पण आधीसारखी नाही. नवीन फळांचं बूड साफ आहे, काळं एकपण नाही. टूथब्रशचं काम जोरात सुरू आहे, सासूबाई आता शेजारच्यांच्या गच्चीवर पण जाऊन सांगून राहिल्या.

एका पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली, हे काय? आणि बुलबुल येऊन बसायला लागलेत, लाल व्हायच्या आधीच खातात का ते?

कास्तकार_कळमेश्वर
बारीक नागमोडी रेघ म्हणजे नागअळी, ते पान तोडा अन् विसरा, तिच्यानं काही बिघडत नाही. पण रेघ नसून रुंद पांढरा फुगल्यासारखा चट्टा असन, आत काळी विष्ठा, आणि फळाच्या देठाजवळ टाचणीएवढं भोक दिसलं, तं ती टुटा अळी. २०१४ मध्ये महाराष्ट्रात पह्यल्यांदा सापडली, तेव्हापासून आमच्या मागं लागली. चट्ट्याची पानं रोज तोडायची अन् पन्नीत बांधून उन्हात. फळाले मोठं गोल भोक पाडून अर्धी आत अर्धी बाहेर दिसते ती वेगळी, ती घाटेअळी, हरभऱ्यावर येते तीच, हातानं वेचा. झेंडूचं झाड शेजारी ठेवलं तं तिचा पतंग अंडी तिकडं घालते. आम्ही वावरात सोळा ओळी टमाटर अन् एक ओळ झेंडू असं लावतो, गच्चीवर एक कुंडी ठेवा, पण झेंडूवरची अळी पण वेचावी लागते बरं, नाही तं तुम्ही तिले खानावळ काढून दिल्यासारखं.

जीवशास्त्रवाल्या_काकू
बुलबुल लाल व्हायला लागलेलंच खातो, हिरव्याला हात लावत नाही. म्हणून बुडाला गुलाबी झाक आली की तोडून घ्यायचं, घरात टोपलीत दोन-चार दिवसात पूर्ण लाल होतं, चवीत काही फरक पडत नाही कारण त्या टप्प्यानंतर झाडाकडून त्याला फारसं काही मिळत नसतं. उन्हात पिकायला ठेवू नको, सावलीतच. आणि फ्रीजमध्ये तर मुळीच नको, दहा-बारा डिग्रीच्या खाली त्याचा वास जातो आणि गर पिठूळ होतो. जाळी लावणार असशील तर पूर्ण ताणून लाव, सैल जाळीत बुलबुलाचे पाय अडकतात.

गच्चीवाली_नंदनवन
ओके काकू, नागमोडी रेघच होती, पान तोडलं. झेंडूची कुंडी दिवाळीची आहेच, ती सरकवते. जाळी ताणायला उद्या नवऱ्याला चढवते वर.